मागच्या भिंतीतला आवाज

देवगाव रंगारी
२० जानेवारी २०२५

अतुल भाऊजी, जयभीम.

आधी डिस्क पाकिटातून काढून चहाच्या कपापासून लांब ठेवा, मग हे वाचा. फोन का केला नाही, असं विचाराल. गेल्या महिन्यात तीनदा केला होता. एकदा तुम्ही 'शो चालू आहे' म्हणालात, दोनदा 'शो सुरू होतोय'. तुमच्या टॉकीजमधला शो कधी संपतच नाही असं दिसतं. म्हणून पाकीट आपल्या गावच्या सकाळच्या एस.टी.च्या कंडक्टर गोकुळभाऊंकडे दिलं. तुमचा शो चालू असला तरी पाकिटाला थांबता येतं.

बातमी अशी, की मी मायवर एक सिनेमा केलाय. हसू नका. मी शिकवते त्याच शाळेत अठरा वर्षं खिचडी शिजवून माय गेल्या जूनमध्ये घरी बसल्या. त्याआधीचे चार महिने मी त्यांचं काम मोबाइलवर टिपत होते. मधल्या सुट्टीत, चुलीच्या धुरात, मुख्याध्यापकांची नजर चुकवून. मग सप्टेंबरात त्यांना ओट्यावर बसवून बोलतं केलं. सगळं कापून जोडून बावीस मिनिटांचं झालं. शहरात २३ फेब्रुवारीला, रविवारी सकाळी, लघुपटांचा एक कार्यक्रम आहे, त्यात तो निवडला गेलाय. आणि कार्यक्रम कुठे, तर तुमच्याच टॉकीजमध्ये.

आयोजक आप्पासाहेब म्हणून आहेत. ते म्हणाले, "फिल्म त्या मशीनवर आधी चालवून बघा. १८ तारखेपर्यंत चालली नाही तर यादीतून काढावी लागेल. मशीन अतुल म्हणून एक जण बघतो, ओळखता का?" मी म्हटलं, तोंडओळख आहे.

माय बघायला येणार आहेत. तुम्ही तिथे असाल हे त्यांना सांगितलं. ते ऐकून त्या भांडी घासायला उठल्या, तेही कळवते. तुमचा अबोला आता तिसऱ्या वर्षात गेला. डी.एड. करून तुम्ही टॉकीजची वाट धरलीत तेव्हा त्या "अंधारात बसायला शिकवलं व्हय तुला?" असं म्हणाल्या, आणि ते वाक्य पिशवीत घालून तुम्ही जे गेलात ते गेलातच. वर्षातून एकदा, १४ एप्रिलला, पाहुण्यासारखे येता आणि तुमच्या दादांशी क्रिकेटवर बोलून जाता. मी यात पडत नाही. फक्त सिनेमा शेवटपर्यंत बघा. चौदावं मिनिट तर नीट ऐकू येतं का, ते खास बघा.

तुमची,
सुलेखा वहिनी


चिकलठाणा
२३ जानेवारी

वहिनी, जयभीम.

गोकुळभाऊनं पाकीट टॉकीजच्या गेटवर आणून दिलं आणी म्हणाला, "सांभाळ रे, वहिनीनं चारदा बजावलंय." त्याला वाटलं आत दागिने आहेत.

सिनेमा केला, लई भारी केलं. आता वाईट बातमी. मशीनला तुमची डिस्क दिसतच नाही. लावली, काढली, दुसऱ्या वायरनं लावली. मशीन म्हणतं, काही सापडलं नाही. मग ऑफिसातल्या कॉम्प्युटरला लावून बघितली तेव्हा दोन भानगडी कळल्या. पहिली, डिस्क घरच्या कॉम्प्युटरच्या पद्धतीनं आखलेली आहे. आमच्या मशीनला वेगळी आखणी लागते. दुसरी, तुम्ही मोबाइलवर चालते तशी एकच फाइल पाठवली. टॉकीजच्या मशीनला पॅकेज लागतं. म्हणजे सिनेमातलं एक एक चित्र सुटं केलेलं, आवाज वेगळा आणी कशाबरोबर काय वाजवायचं त्याची यादी. तुम्ही शिजलेली खिचडी पाठवली. इथं तांदूळ, डाळ, मीठ वेगवेगळं पाहिजे आणी सोबत कृतीचा कागद. शिजवायचं काम मशीन करतं.

हे पॅकेज करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सोबतच्या तीन पानांवर एक एक पायरी लिहून दिली आहे. सेकंदाला चोवीस चित्रं ठेवायची. तुमच्या फाइलीत पंचवीस आहेत. नवीन मशीनं तेही घेतात, आमचं घेत नाही. जुनं आहे आणी हट्टी आहे, आपल्या घरातल्या माणसांसारखं.

फोनवर हे सांगितलं नाही कारण तुम्ही मधेच "हां हां कळलं" म्हणता. कागद मधे बोलू देत नाही.

चौदाव्या मिनिटाला काय बिघाड आहे? आधीच सांगितलंत तर बरं, शोधायला नको.

बाकी, सणाला लोकांना सुट्टी असते म्हणून आम्हाला नसते. हे खरं कारण आहे.

अतुल


देवगाव रंगारी
२८ जानेवारी

भाऊजी,

तुमचं पत्र तपासून परत पाठवत आहे. 'आणि'ची वेलांटी पहिली असते. तुम्ही चारच्या चार वेळा दुसरी दिली. डी.एड.वाल्या माणसाला हे शोभत नाही. दहापैकी सहा गुण, तेही अक्षर चांगलं म्हणून.

पॅकेज झालं. शाळेचा लॅपटॉप सात तास घरघरत होता. मायनं विचारलं, हे का कण्हतंय? म्हटलं, तुमचे तुकडे करतंय. त्या म्हणाल्या, "कर म्हनावं, लई दिवस अख्खी व्हते." आणि ज्वारी पाखडायला गेल्या.

डिस्कवरचं आधीचं सगळं पुसलं जाईल, ही सूचना तुम्ही तिसऱ्या पानाच्या तळाशी लिहिली होती. मी दुसऱ्या पानावर असतानाच बटण दाबलं. स्नेहसंमेलनाचे दोनशे फोटो गेले. मुख्याध्यापकांना अजून कळलेलं नाही. कळलं की तुमचा पत्ता देणार आहे.

एक भर घातलीय. माय बोलतात ते शहरातल्या लोकांना कळायला हवं, म्हणून पडद्याखाली शुद्ध मराठीत ओळी दिल्या आहेत. त्या डिसेंबरातच लिहून ठेवल्या होत्या, चार रविवार त्यात गेले.

चौदाव्या मिनिटात बिघाड आहे असं मी म्हटलं नव्हतं. ऐका, एवढंच म्हटलं होतं.

सुलेखा


चिकलठाणा
३१ जानेवारी

वहिनी,

आता मी सरळ 'अन्' लिहिणार. त्यात वेलांटीच नाही.

या वेळी डिस्क दिसली, पॅकेज आत गेलं, पडद्यावर चित्र आलं. मी खूश. मग बघतो तर माझी माय गळ्यापासून खाली. डोकं नाहीच. बसली तरी नाही, उठली तरी नाही. पॅकेज करताना पडद्याचा आकार विचारतात, तिथं तुम्ही सगळ्यात लांबोडका निवडलात. मोबाइलचं चित्र तेवढं लांब नसतं, मग रुंदी भरायला सॉफ्टवेअरनं वरून-खालून कापलं. यादीत दुसरा आकार आहे, कमी रुंद, तो घ्या.

आता तुमच्या ओळी. रागावू नका. मशीनला इंग्रजी अक्षरं ओळीनं लावता येतात, आपली वेलांटी-काना लावायची अक्कल या जुन्या मशीनला नाही. त्यानं 'खिचडी'ची वेलांटी उचलून एकटीच पुढं उभी केली. 'विद्यार्थी'चं काय केलं ते मी लिहू शकत नाही, लिहिलं तर पुन्हा गुण कापाल. यावर इलाज आहे. ओळी चित्रातच पक्क्या छापून टाकायच्या, मग मशीनला काही लावायचं राहत नाही.

पण मला विचाराल तर ओळी काढूनच टाका. माय म्हणते, "पोरं लई भुकेली असायची," अन् खाली येतं, "विद्यार्थी अत्यंत क्षुधित असत." क्षुधित म्हणजे काय ते मला बाजूच्या पोस्टर लावणाऱ्याला विचारावं लागलं. त्यालाही माहीत नव्हतं. मायचं बोलणं या शहरात कळत नाही असा माणूस नाही. कळलं नाही तर त्यानं शेजारच्याला विचारावं.

चार मिनिटं बघून थांबवलं, बाराच्या शोची माणसं यायला लागली होती. डोकं नव्हतं म्हणून चारही मिनिटं तिचे हातच बघितले. डाव्या मनगटाच्या वर एक मोठा चट्टा आहे. तो कधीचा? माझ्या वेळी नव्हता.

अतुल


देवगाव रंगारी
४ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस तुमच्यावर रागावले होते. तुम्हाला कळावं म्हणून लिहितेय, नाहीतर तो राग वाया जायचा. चार रविवार घालून लिहिलेल्या ओळी आणि तुम्ही पोस्टरवाल्याला विचारता. मग तेच वाक्य मी सातवीच्या वर्गात वाचून दाखवलं. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, क्षुधित गाव कुठं आलं?" त्यानंतर सगळ्या ओळी काढून टाकल्या. तुमचं ऐकलं असं समजू नका, मुलीचं ऐकलं.

आकार बदलला. आता मायला डोकं आहे.

चट्टा मागच्या उन्हाळ्यातला. मोठ्या पातेल्याचं झाकण निसटलं आणि वाफ हातावर आली. तरी त्या दिवशी सगळ्या मुलांना वाढून झाल्यावरच दवाखान्यात गेल्या. तुम्हाला कळवू नका, असं त्यांनी बजावलं होतं. "त्याला सांगून तो काय मलम लावाया येनार हाय व्हय?" म्हणाल्या. दादांनी तरी फोन लावला होता. शो चालू होता.

हे तुम्हाला बोचावं म्हणून लिहिलं नाही. थोडं बोचलं तर चालेल.

तिसरी डिस्क सोबत आहे. आज ती गोकुळभाऊंकडे द्यायला मी गेलेच नाही. मायच म्हणाल्या, मी जाते, स्टँडवर मला काम आहे. त्यांना स्टँडवर काहीही काम नसतं.

१८ तारीख जवळ आली. आता तरी चौदाव्या मिनिटापर्यंत पोचा.

सुलेखा


चिकलठाणा
८ फेब्रुवारी

वहिनी,

आधी बिघाड सांगतो, तो महत्त्वाचा आहे.

काल सकाळी दहाला फिल्म लावली. चित्र नीट, आकार नीट, माय डोक्यासकट. आवाज तपासायचा असला की केबिनमधून कळत नाही, खाली जाऊन हॉलच्या मधोमध बसावं लागतं. म्हणून खाली बसलो. हॉलमध्ये दुसरं कोणी नव्हतं, फक्त झाडणाऱ्या वच्छलाबाई मागच्या रांगेत झाडू मारत होत्या. पोरांचा गलका, भांडी, चुलीवरची फुंक, सगळं समोरून पडद्यातून येत होतं. बाराव्या मिनिटाला माय ओट्यावर बसून बोलायला लागली अन् तिचे ओठ समोर हलतायत, आवाज मात्र मागच्या भिंतीतून. समोर नुसता कुजबुजल्यासारखा. वच्छलाबाईंनी झाडू थांबवला अन् मागं वळून विचारलं, "कोण ओ बाई?" मीही वळलो होतो.

कारण सापडलं. ते बोलणं तुम्ही मोबाइलच्या माइकवर घेतलेलं नाही. शाळेच्या कार्यक्रमाचा मोठा माइक पिन जोडून मोबाइलला लावलेला दिसतो. तसं केलं की एकच आवाज दोन बाजूंना जातो, डावीकडं सुलटा अन् उजवीकडं तोच उलटा. कानात इयरफोन घातला तर काही कळत नाही. पण आमचा साउंडचा डबा दोन बाजूंवरून ठरवतो की कुठला आवाज कुठं सोडायचा. दोन्हीकडं सारखा असेल तर समोर, एकमेकांच्या उलटा असेल तर मागच्या भिंतीवर. त्यानं मायला मागं पाठवलं. त्याची चूक नाही.

उपाय सोपा आहे. त्या चार मिनिटांत उजवी बाजू काढून टाका अन् डावीच दोन्हीकडं ठेवा. पुन्हा पॅकेज करा. मग येईल समोरून.

बिघाड संपला. आता दुसरं.

मी चौदावं मिनिट ऐकलं. मागून येत होतं तरी शब्द न् शब्द ऐकला. वच्छलाबाई शेजारी येऊन बसल्या, त्यांनीही ऐकला.

"मागल्या म्हयन्यात डोळे तपासाया शहरात गेल्ते," माय म्हणते. "तिथून अतुलच्या टाकीजात गेले. तिकीट काढलं. पडद्यावर काय चाललं व्हतं, मला ठावं नाय. मी मागंच वळून बसले. वर एक बारकी खिडकी हाय, तिच्यातून उजेड येतो. म्हनलं, तिथं बसला असंल माझा लेक. शेजारची बाई म्हनली, मावशी, पिक्चर फुडं हाय. म्हनलं, असू दे, तुमी बघा."

मी ते तीनदा लावलं. तिसऱ्यांदा लावायला बिघाडाचं कारण नव्हतं.

ती कधी आली होती? कोणती तारीख, कोणता शो, ते लिहा. मी त्या दिवशी होतो का सुट्टीवर होतो?

अतुल


देवगाव रंगारी
१२ फेब्रुवारी

भाऊजी,

ऑगस्टातली गोष्ट. २२ तारीख, गुरुवार, बाराचा शो. तुम्ही होतात. खाली गेटवर त्यांनी विचारलं होतं, अतुल आहे का? तिथल्या माणसानं सांगितलं, वर आहे, बोलावू का? त्या म्हणाल्या, नको, काम करतोय. शो सुटल्यावर समोरच्या चहाच्या गाडीशी अर्धा तास उभ्या राहिल्या. तुम्ही खाली उतरला नाहीत, कारण तीनचा शो लागला. मग पाचची एस.टी. पकडून घरी आल्या. घरी आल्यावर डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, बाकी काही नाही.

मलाही हे माहीत नव्हतं. सप्टेंबरात ओट्यावर बसवलं तेव्हा मी साधा प्रश्न विचारला होता, अठरा वर्षांत कुठल्या मुलाला खाऊ घालणं सगळ्यात अवघड गेलं? मला वाटलं, शाळेतल्या एखाद्याचं नाव घेतील. त्या तुमच्यावर आल्या आणि बोलत गेल्या. संपल्यावर पदर तोंडावर फिरवून म्हणाल्या, "हे काढून टाक." मी "बरं" म्हटलं आणि काढलं नाही.

ही माझी लबाडी. तुमच्यापर्यंत ते पोचवायचा दुसरा रस्ता मला सापडला नाही. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, वहिनी गोड लावून सांगतात. म्हणून त्यांच्याच तोंडून ऐकावं असं वाटलं. तीन आठवडे मी त्या चौदाव्या मिनिटाची वाट बघत होते आणि तुम्ही कधी डिस्क दिसत नाही म्हणता, कधी डोकं दिसत नाही म्हणता.

माइकचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. बाहेर वारा होता, म्हणून शाळेचा माइक लावला. उजवी बाजू काढली, डावी दोन्हीकडे घातली. चौथी डिस्क सोबत आहे.

आता तुम्हीच ठरवा. ते चौदावं मिनिट ठेवायचं की काढायचं? काढायचं असेल तर अजून दिवस आहेत. माय त्या दिवशी हॉलमध्ये बसलेल्या असतील. तिथे सगळ्यांसमोर ते त्यांच्या कानावर पडेल. मला त्याची भीती वाटते. आधी वाटली नव्हती.

सुलेखा


चिकलठाणा
१५ फेब्रुवारी

वहिनी,

चौथी डिस्क पहिल्या ओळीपासून शेवटच्या नावापर्यंत चालली. आवाज समोरून आला. वच्छलाबाईंना मुद्दाम बोलावून बसवलं, त्या म्हणाल्या, "आता बाई जाग्यावर आली." आप्पासाहेबांना फोन करून कळवलं, यादीत तुमचा नंबर पाचवा लागलाय. मी पास केलं, वहिनीसाठी सवलत दिलेली नाही.

चौदाव्या मिनिटाचं. काढा असं मी म्हणणार नाही. पण ठेवा असंही माझ्या तोंडून वदवून घेऊ नका. मला ते हवंय, म्हणून मला विचारणं बरोबर नाही. तिनं काढायला सांगितलं होतं, तर तिलाच विचारा. तुम्हाला धीर होत नसेल तर दादांना सांगा. दादांनाही होणार नाही, ते मला माहीत आहे. आपल्या घरात तिला प्रश्न विचारायला फक्त मोबाइलचा कॅमेरा धजावला.

त्या बाराच्या शोला मी वरच होतो. गुरुवार होता, माणसं कमी होती. मला आठवत नाही. लई प्रयत्न केला आठवायचा.

रविवारी गेटवर नाव सांगा, तिकीट लागणार नाही. मी केबिनमध्येच असेन, कार्यक्रम संपेपर्यंत खाली येता येत नाही.

अतुल


देवगाव रंगारी
२५ फेब्रुवारी

भाऊजी,

मी विचारलं नाही. रोज विचारायचं ठरवलं आणि रोज काहीतरी निघालं. तुम्ही जे शो-शो करता तसंच.

खाली काय झालं ते तुम्हाला वरून दिसलं नसेल, म्हणून लिहिते. हॉल निम्म्याहून जास्त भरला होता. माय, मी आणि दादा सहाव्या रांगेत. माय नवी हिरवी साडी नेसून आल्या होत्या आणि बसल्यापासून पदर नीट करत होत्या, जणू पडद्यावरच्या बाईला त्या दिसणार होत्या. खिचडीचं पातेलं आलं तेव्हा लोक हसले, पोरांनी तिसऱ्यांदा मागून घेतलं तेव्हा टाळ्या पडल्या. माय माझ्या कानात म्हणाल्या, "मीठ कमी व्हतं त्या दिवशी." मला वाटलं, सगळं ठीक होणार.

मग ओटा आला आणि त्यातलं चौदावं मिनिट. त्यांनी पहिलंच वाक्य ऐकलं आणि त्या ताठ झाल्या. 'तिकीट काढलं' इथपर्यंत थांबल्या असतील. मग उठल्या. सहाव्या रांगेतून, सगळ्यांच्या गुडघ्यांवरून. दादा उठायला लागले, मी त्यांना बसवलं आणि मागे धावले. बाहेर व्हरांड्यात नाहीत. गेटवर नाहीत. चहाच्या गाडीशी नाहीत. मी रस्त्यावर उभी राहून रडले, हे दादांना माहीत नाही. आत टाळ्यांचा आवाज झाला तो मी बाहेरून ऐकला. आप्पासाहेबांनी मायचं नाव पुकारलं, त्या नाहीत म्हणून माझं पुकारलं, मीही नाही. शेवटी गुलदस्ता दादांनी घेतला आणि माइकवर "धन्यवाद, मी मुलगा आहे" एवढंच बोलले.

कार्यक्रम सुटल्यावर बघते तर तुम्ही दोघं केबिनच्या लोखंडी जिन्यानं खाली येताय. माय पुढे, तुम्ही मागे. एस.टी.त माय एवढंच म्हणाल्या, भूक लागली. गेले दोन दिवस मला 'मॅडम' म्हणतायत. "मॅडम, मीठ कुठं ठिवलं?" असं. ही माझी शिक्षा आहे आणि ती मला कबूल आहे.

पण वर काय झालं? चौथी डिस्क करून दिलेल्या माणसाला एवढं विचारायचा हक्क आहे.

सुलेखा


चिकलठाणा
१ मार्च

वहिनी,

हक्क आहे. 'मॅडम' फार दिवस टिकणार नाही. मी पहिलीत असताना ती मला महिनाभर 'साहेब' म्हणत होती, पाटी फोडली म्हणून.

दार वाजलं तेव्हा मला वाटलं, मॅनेजर आला. उघडलं तर माय. लोखंडी जिना एका दमात चढून आलेली, धाप लागलेली. मी नुसतं "माय" म्हणालो. ती म्हणाली, "माज्याकडं काय बघतो? तुजं काम बघ." मी स्टूल दिलं. ती बसली. पडद्यावर तिची फिल्म संपत होती, केबिनच्या काचेतून तिनं स्वतःला शेवटी एकदा बघितलं अन् मान फिरवली.

पुढची फिल्म कुणातरी मुंबईच्या मुलाची होती. ती लागली अन् सगळं चित्र हिरवंगार. माणसं हिरवी, भिंती हिरव्या. त्याच्या पॅकेजमध्ये रंगाची खूण चुकीची पडली होती, मशीननं तिच्यावर विश्वास ठेवला. ही फिल्म आदल्या दिवशी आली, तपासायला वेळ मिळाला नव्हता. खाली शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी खुर्ची बडवायला लागलं. फिल्म बंद करून पहिल्यापासून लावली असती तर आणखी ओरडले असते. मी चालू फिल्ममध्येच रंगाची मांडणी हातानं बदलली, एक जमली नाही, दुसरी जमली. माणसं माणसांच्या रंगाची झाली. शिट्ट्या थांबल्या. सगळं मिळून अर्धं मिनिट असेल.

मी वळलो तर माय माझ्या हातांकडं बघत होती.

"एवढी लोकं वरडत व्हती," ती म्हणाली, "अन् तुजा हात हालला नाय."

मी म्हणालो, सवय आहे.

"माजा बी नाय हालायचा," ती म्हणाली. "दोनशे पोरं ताटं बडवायची. खिचडी शिजली नसली तर काय करनार? आपुन घाई केली की करपती."

मग ती उठली अन् एक एक गोष्ट विचारत गेली. हे काय, ते काय, हा दिवा किती तापतो, हा पंखा कशाला, तू जेवतो कुठं. मी स्टुलाखाली ठेवलेला डबा दाखवला. तिनं उघडून वास घेतला अन् झाकण पुन्हा घट्ट लावलं, त्यावरून काय ते समजा. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "मला कुनी सांगितलं नाय, एवढं सारं असतंया."

मी म्हणालो, तू आली होतीस तेव्हा वर का नाही आलीस?

तिनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "तुला शरम वाटंल म्हनून. खिचडीवाली आई."

वहिनी, मी तीन वर्षं उलटं समजत होतो. मला वाटत होतं, तिला माझी शरम वाटते. तेव्हा मी तिला काय म्हणालो ते लिहिणार नाही, ते नीट म्हणता आलंही नाही. उरलेल्या चारही फिल्म ती स्टुलावर बसून होती. एका फिल्मचा आवाज बारीक आला तर मला म्हणाली, वाढव. मी वाढवला.

परवा मॅनेजरकडं मंगळवारची सुट्टी मागायला गेलो. इथं सुट्टीच्या अर्जावर कारण लिहावं लागतं. मी सवयीनं 'आई आजारी' असं लिहायला घेतलं, आतापर्यंत सगळे तसंच लिहितात. मग ते खोडलं अन् लिहिलं, 'घरी जेवायला जायचं आहे'. मॅनेजरनं ते दोनदा वाचलं. हे काय कारण आहे का, असं विचारलं. मी म्हणालो, हेच आहे. त्यानं सही केली.

अतुल